ओळीअखेरचा तारा

धाकटीने एंटर दाबलं आणि पडद्यावर पुन्हा ‘नाही’ उमटलं. शिक्षकांच्या कॉम्प्युटर वर्गातलं हे तिचं चौथं ‘नाही’. डोळ्यांनी वाचली तर दोन्ही वाक्यं तंतोतंत सारखी होती: उद्या शाळेला सुट्टी आहे. एक शिकवणाऱ्या सरांनी लिहून दिलेलं, दुसरं तिने टाइप केलेलं. दोन्ही सारखी असतील तर ‘हो’ म्हण, नसतील तर ‘नाही’, एवढाच तो प्रोग्राम. आजूबाजूच्या सगळ्या शिक्षिकांना ‘हो’ मिळून चुकलं होतं. गणिताच्या बाईंनी तर बिस्किटांचा पुडाही फोडला होता.

तसं तिचं लक्ष थाऱ्यावर नव्हतंच. दुसऱ्या गावातल्या निवासी शाळेने तिला मुख्याध्यापिका म्हणून निवडलं होतं आणि होकार आज पाचच्या आत कळवायचा होता. तीन आठवडे ती नुसतं ‘बघू’ म्हणत होती. घरी विषय निघाला रे निघाला की आईच्या छातीत धडधडायला लागायचं, आणि डॉक्टरांना मात्र त्या छातीत कधी काही सापडायचं नाही. “माझं काय, मी राहीन कशीतरी,” असं आई म्हणाली की धाकटी विषय बदलायची. ती पुन्हा घड्याळाकडे बघणार, तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले. वयाने तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असतील.

“काय म्हणतोय, मॅडम?”

“नाही म्हणतोय. हट्टालाच पेटलाय.”

“थांबा. दोन्ही वाक्यांच्या शेवटी एकेक ताऱ्याचं चिन्ह चिकटवून बघू.”

त्यांनी प्रोग्रामात दोन ओळी लिहिल्या. सरांच्या वाक्यातला तारा पूर्णविरामाला अगदी खेटून आला. तिच्या वाक्यातला मात्र जरा अंतर राखून उभा राहिला.

“सापडलं! तुमच्या वाक्याच्या शेवटी मोकळी जागा आहे. आपल्याला ती दिसत नाही, पण कॉम्प्युटरच्या हिशेबी तेही एक अक्षरच. तुम्ही स्पेसबार दाबलात.”

“मी? छे हो!”

“परत टाइप करा बघू.”

तिने केलं. सर तिच्या हाताकडे बघत होते, त्यांना हसू आलं.

“दाबलात की! पूर्णविरामानंतर, अंगठ्याने. टाइपिंग कुठे शिकलात?”

“घरीच. आईचा क्लास होता.”

“मग तुमच्या आईंचे विद्यार्थी शंभरात ओळखू येतील,” सर म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

शब्द झाला की अंगठा, ओळ झाली की अंगठा, मगच हात उचलायचा. आईचा हा नियम होता आणि तो शिकवायला हातात फूटपट्टी असायची. बाहेरच्या खोलीत सहा मशीनं, नंतर दोन कॉम्प्युटर. दुसऱ्या क्लासातून कोणी आलं तर आई आधी त्याचा अंगठा सुधारायची. धाकटीला आपला अंगठा कधी जाणवलाही नव्हता.

मग तिने आपली मेल उघडली. ती एकदम का उघडावीशी वाटली, हे तिला सांगता आलं नसतं. अकरा वर्षांपूर्वीचं ते पत्र तिने पुसून टाकलं नव्हतं आणि पुन्हा वाचलंही नव्हतं. लग्न ठरलेल्या मुलाने ते तिला पाठवलं होतं, वर एकच ओळ लिहून: हे आमच्या घरी मेलवर आलंय, माझा विश्वास नाही, पण घरचे ऐकत नाहीत. लग्न मोडलं. पत्राखाली नाव नव्हतं. मुलीला फेफरं येतं आणि घरचे लपवतात, सहाव्या वर्षी ती मागच्या दारी बेशुद्ध पडली होती, असं त्यात होतं. पडली होती हे खरं होतं, पण तापात आणि आयुष्यात एकदाच. ही गोष्ट घराबाहेर कोणालाच माहीत नव्हती.

“मी नाव घेणार नाही,” आई तेव्हा डोळे पुसत म्हणाली होती, “पण हे घरातल्याच माणसाचं काम आहे.” त्या वर्षी आईचे वहिनीशी रोज खटके उडत होते. वहिनीने शपथा घेतल्या, रडली, शेवटी दादाला घेऊन वेगळी झाली. धाकटी त्यानंतर तिच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

तिने पत्र प्रोग्रामात चिकटवलं, दर ओळीच्या शेवटी तारा लावायला सांगितलं आणि एंटर दाबलं.

सतरा ओळी आल्या, सतरा तारे आले. प्रत्येक तारा पूर्णविरामापासून एक घर लांब होता.

वहिनी दोन बोटांनी, अक्षर शोधशोधून टाइप करायची. दादा तर त्या खटखटीला कंटाळून लहानपणापासून गच्चीवरच पळायचा. धाकटीने तारे वरून खाली मोजले, मग खालून वर मोजले. तिला राग आला तो पहिल्यांदा स्वतःचाच आला, कारण अकरा वर्षं ती वहिनीचा दुस्वास करत बसली होती.

डोकं दुखतंय असं सांगून ती निघाली. रस्ता ओलांडताना उजवीकडे बघायचं राहिलं आणि एक सायकलवाला शिव्या घालत गेला. कोपऱ्यावर थांबून तिने पर्स उघडली, काय हवं होतं ते आठवेना, बंद केली. पुढे जाऊन पुन्हा उघडली.

आई बाहेरच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

“आज लवकर सुटलीस?”

“हं.”

“काय शिकवलं?”

धाकटी उभ्यानेच पाणी प्यायली. मग तिने सगळं सांगितलं: ते ‘नाही’, ते तारे, अंगठ्याने सुटलेली मोकळी जागा, सरांचं बोलणं.

आई खुलली. “मग! शिस्त म्हणतात त्याला.”

“मी एक जुनं पत्रही तपासलं. सतरा ओळींचं.”

आईच्या हातात उशीचा अभ्रा होता. तिने त्याची घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक. शेजाऱ्यांकडे आलेलं पाकीटसुद्धा कोणाचं, कुठून, हे विचारल्याशिवाय जिला राहवत नसे, तिने कोणतं पत्र म्हणून विचारलं नाही.

धाकटीने घड्याळ बघितलं. चार वाजून पस्तीस मिनिटं.

“आई, पाचच्या आत होकार कळवायचाय. मी सांगते, तू टाइप कर.”

“माझी बोटं आता कुठली वळतायत…”

“तूच कर.”

आई उठली, कॉम्प्युटरपुढे बसली आणि सवयीने पाठ ताठ केली. धाकटी खुर्चीमागे उभी राहिली.

“आपले पत्र मिळाले.”

आईने टाइप केलं. पूर्णविरामानंतर तिचा अंगठा खाली येता येता हवेतच थांबला. तिने तो तळहातात मिटून घेतला.

“एक तारखेपासून मी रुजू होत आहे.”

पुन्हा अंगठा उचलला गेला, पुन्हा मिटला.

“घरून कोणतीही अडचण नाही.”

या ओळीला बराच वेळ लागला. आईची बोटं अक्षरांवर नुसतीच ठेवलेली होती. बाहेर कोणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. अखेर आईने एकेक शब्द उमटवला, पूर्णविराम दिला आणि डाव्या हाताने उजवा अंगठा घट्ट धरून ठेवला.

“हवं तर तारे लावून बघ,” ती पडद्याकडे बघतच म्हणाली.

धाकटीने तारे लावले नाहीत. तिने आईच्या खांद्यावरून हात पुढे केला, खाली आपलं नाव टाइप केलं आणि पत्र पाठवून दिलं. पाचला दहा कमी होते. ती दुसऱ्या खुर्चीवर बसली आणि तिने फोन हातात घेतला. वहिनीचा नंबर तिने कधीच पुसून टाकला होता.

“वहिनीचा नंबर आहे तुझ्याकडे?”

आईने डायरी मागितली नाही, चष्माही शोधला नाही. मान खाली घालून तिने एकेक आकडा सांगितला, एकदाही न अडखळता.