पान तीनवरची पोर

“अंजनीताई, पान तीनवर कोणाचा फोटो टाकलात तुम्ही?”

फोनवर माधवी होती. मुलांच्या संस्थेचं बातमीपत्र पुण्याहून ती बघायची. अंजनीने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, कारण हात कामात होते आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका होऊ घातलेल्या नगरसेवकाचं नाक अर्धंच उजळलं होतं.

“वेणूचा. शर्यतीत पहिली आली ती. तुम्हीच तर पाठवला होता.”

“तिची आई आलीय वसतिगृहावर. दारात बसून रडतेय. आली तीच ओरडत, माझी पोर मेली आणि तुम्ही दुसरीच तिच्या नावावर छापलीत.”

अंजनीने माउस सोडला आणि फोन हातात घेतला.

आता अंजनी कोण, हे उल्हासनगरात कॅम्प तीनला कुणालाही विचारा. फ्लेक्सच्या दुकानात वीस वर्षं कॉम्प्युटरपुढे बसलेली बाई. तिने गोरा केला नाही असा माणूस विठ्ठलवाडीपासून अंबरनाथपर्यंत सापडायचा नाही. गिऱ्हाईक आलं की शेठ आतूनच ओरडणार, “अंजनी, लाइट मार!” लाइट मारायची म्हणजे चेहरा उजळायचा. पुढारी दौलतरावांच्या वाढदिवसाला तिने अशी लाइट मारली, की चौकातले दिवे गेले तरी रिक्षावाले त्या फ्लेक्सच्या उजेडात पत्ते कुटत बसले. दौलतरावांचा स्वतःचा कुत्रा त्या फ्लेक्सवर दोन दिवस भुंकला. तिसऱ्या दिवशी त्याने फ्लेक्सशी जुळवून घेतलं आणि दौलतरावांवर भुंकायला लागला. खोटं वाटत असेल तर कुत्र्याला विचारा.

पण फ्लेक्सचं आयुष्य ते किती! आठवडाभर खांबावर, मग कुणाच्या तरी छपरावर. आपल्या हातचं काहीतरी कुणीतरी जपून ठेवावं, एवढ्यासाठी अंजनीने बातमीपत्राचं हे बिनपैशाचं काम घेतलं होतं. संस्था पुण्याची, मुलांचं वसतिगृह बदलापूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आणि अंजनी बदलापुरातच, शिरगावात आपल्या खोलीत. फोटो मोबाइलवर यायचे, पानं मोबाइलवरून जायची. तासाभराच्या वाटेवरची ती पोरं तिने कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण एकेका चेहऱ्यावर जीव ओतून लाइट मारायची. पुढाऱ्यांना मारते, मग लेकरांनाच कमी का?

इथून पुढे मात्र मी पदरचं काही घालत नाही.

वेणूची आई ठमाबाई दूरच्या वीटभट्टीवर कामाला. पोरीने मोठ्या हौसेने अंक वाडीतल्या माणसाबरोबर तिच्याकडे धाडला. ठमाबाईला अक्षर येत नाही. भट्टीवरच्या कुणीतरी नाव वाचून दाखवलं, वेणू. आणि नावाच्या वर एक परकी, गोरीपान पोर हसत उभी. ठमाबाईने हातातली वीट तिथेच टाकली आणि मातीच्या पायांनी निघाली.

“पण भेटली ना पोर तिला?” अंजनीने फोनवर विचारलं.

“भेटली. पण आता वेणूच बोलत नाही. आईने मला ओळखलं नाही, एवढं एकच धरून बसलीय. दुसरा फोटो काढू देत नाही. उरलेले अंक तसेच पडलेत वसतिगृहात.”

फोन बंद झाला. शेठने चहात बिस्कीट बुडवलं.

“क्या हुआ?”

अंजनीने सांगितलं.

“अगं, गोरीच केली ना, काळी तो नाही केली! उसमें रोनेका क्या?”

“शेठ, आईने ओळखली नाही तिला.”

बिस्कीट चहात पडून विरघळलं, तरी शेठचा हात तसाच.

अंजनी उठली. नगरसेवकाचं नाक अर्धंच राहिलं. बदलापूरला उतरून तिने पुढची जीप धरली.

वसतिगृहाच्या पायरीवर ठमाबाई बसली होती. रडून झालेलं होतं.

“तो फोटो मी केला, मावशी,” अंजनी म्हणाली.

ठमाबाईने तिला खालपासून वर बघितलं. शिव्या येतील म्हणून अंजनी मान खाली घालून उभी राहिली. शिव्या आल्या नाहीत.

“का गो बाय? माझे पोरीचं तोंड काय वाईट व्हतं?”

वीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

“मी हात लावला व्हता त्या कागदाला,” ठमाबाई म्हणाली. “बोलले, भट्टीची राख हाय, पुसली तं खालून माझी वेणू निंगल. पुसून पुसून कागद फाटला. खाली कोनी नव्हती.”

अंजनीने पायरीवर चपला काढल्या. मग आत गेली. वेणूची समजूत घालू, साधा फोटो काढू, पान नव्याने करू, असं वाटेत सगळं ठरवलं होतं. फोन हातातच होता.

आत वेणू फरशीवर पालथी पडली होती. शेजारी अंकांचा गठ्ठा. तिच्या हातात तपकिरी तेलखडू होता आणि पान तीनवरच्या गोऱ्या पोरीचं कपाळ ती भरून काढत होती. कागद गुळगुळीत, खडू घसरायचा, ती पुन्हा दाबून फिरवायची. नाक झालं, गाल झाले, मान झाली. बाकीची पोरं आपापल्या गोऱ्या फोटोंची पानं उघडून रांगेत उभी होती.

“वेणू, मी अंजनी, फोटो करणारी. मी भरू का थोडे? लवकर होतील.”

“तुमी नको.” वेणूने मान वर केली नाही. “तुमाला येत नाय.”

रांगेतलं कुणी हसलं नाही.

अंजनीने फोन पर्समध्ये टाकला आणि फरशीवर बसली. गठ्ठ्यातला वरचा अंक घेतला, पान तीन उघडलं, मधली घडी तळव्याने नीट दाबली आणि वेणूपुढे सरकवलं. मग पुढचा उचलला.