दोन बटणांची युक्ती

धाकटा भाऊ शनिवारी सकाळी आला, तेव्हा ताईने ठरवलंच होतं, चहा झाला की विषय काढायचा. चहा झाला, जेवण झालं, विषय काही निघेना. मागायची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं. शब्द ओठांपर्यंत येतात आणि "आणखी भात वाढू का?" असं काहीतरी बोलून मागे फिरतात.

खरं तर विषय साधा होता. ताई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायची. दिवसभर उभं राहून कापडाचे थर कापायचे आणि घरी येऊन अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना उचलायचं, बसवायचं, कुशीवर वळवायचं. शेवटी तिच्या उजव्या खांद्यानेच हात टेकले. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, येत्या गुरुवारची. त्यानंतर दीड महिना पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. याआधीची तारीख तिने स्वतःच पुढे ढकलली होती. धाकट्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो अधूनमधून यायचा, वडिलांपाशी बसून गप्पा मारायचा आणि खुशीत परत जायचा. त्याचे आपले दुरून डोंगर साजरे.

दुपारी वडिलांसाठी चादर काढायला म्हणून त्याने कपाट उघडलं आणि चादरीऐवजी जुन्या व्हिडिओ गेमचा डबा घेऊन आला. चाळिशीचा बाप्या, पण चेहरा असा, की शाळेला सुट्टी लागलीय. वडिलांच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला त्याने लाल-पिवळ्या वायरी जोडल्या, कॅसेटमध्ये फुंकर मारली आणि पडद्यावर दोन सैनिक उभे राहिले. निळा त्याचा, लाल ताईचा. ते टुंईटुंई संगीत ऐकून ताईलाही हसू आलं, नाही असं नाही. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून याच्यासमोर बसायचं, तेव्हा कुठे काय दुखत होतं?

आपल्यासारखा गेम कुणाकडेच नव्हता, असं धाकट्याचं म्हणणं होतं. त्याने शोधून काढलेली युक्ती तो अजून मित्रांना रंगवून सांगायचा. आपले सगळे जीव संपले, की दोन बटणं एकदम दाबायची, लगेच नवा जीव हजर. मित्र त्यांच्या घरी एकटे बसून दाबून बघायचे, तर काहीच व्हायचं नाही. त्यावरून या पठ्ठ्याने ठरवून टाकलं होतं, की आपलीच कॅसेट खास आहे.

दोघं खेळायला बसली. बटणं दाबतानाही ताईचा खांदा ठणकत होता. धाकटा लहानपणी खेळायचा तसाच खेळत होता, मागचापुढचा विचार न करता धावत. त्याचे जीव भराभर संपले. त्याने दोन बटणं दाबली, सैनिक उभा. पुन्हा मेला, पुन्हा दाबली. मग लाल सैनिक पडला आणि उठलाच नाही.

"तू का थांबलीस?"

"माझे जीव संपले. ती दोन बटणं दाबून तू माझेच घेतलेस."

धाकटा हसला. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा पडद्याचा उजवा कोपरा पाहिला, जिथे तिचे जीव दिसायचे. तिथे शून्य होतं.

"म्हणजे तेव्हाही?"

"तेव्हाही. कॅसेट कसली खास, आयत्या बिळावर नागोबा होतास तू."

मग सांगितलं का नाहीस, असं त्याने पडेल आवाजात विचारलं. ती म्हणाली, हरलास की तू भोकाड पसरायचास आणि आई गेमच बंद करायची. शिवाय कळलं असतं तर त्याने ते घेतले नसते, हेही तिला माहीत होतं.

आता बोलली नसती तर ती कधीच बोलली नसती. "गुरुवारी माझ्या खांद्याचं ऑपरेशन आहे. दीड महिना मला बाबांना उचलता येणार नाही. तू इथे राहायला हवंस."

तो गडबडला. ऑफिसातलं काम सांगू लागला, मुलांच्या परीक्षा सांगू लागला, एखादी बाई मिळाली तर, असंही म्हणाला. अशा वेळी ताईचं एक ठरलेलं वाक्य असे, असू दे, मी बघते काहीतरी. ते जिभेवर आलंही. पण तेवढं बोलण्याचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती गप्प बसली आणि धाकटा त्या वाक्याची वाट पाहत राहिला.

तेवढ्यात वडील कण्हले. त्यांची कूस बदलायची वेळ झाली होती. ताई सवयीने उठली, तर धाकट्याने तिला खाली बसवलं आणि स्वतः पुढे झाला. हात ओढू नकोस, पाठीखाली हात घाल, असं ती बसल्या जागेवरून सांगत राहिली. चुकतमाकत जमलं, तेव्हा त्याला धाप लागली होती. त्याने ताईच्या खांद्याकडे पाहिलं आणि तो फोन घेऊन बाहेर गेला.

दार उघडंच होतं. तो साहेबांकडे दीड महिन्याची रजा मागत होता. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही, वडील नाहीत," तो म्हणाला. "बहीण. माझी बहीण आजारी आहे."

इतकी वर्षं त्या घरात आजारी माणूस एकच होता. आपल्याबद्दल हे वाक्य ताईने पहिल्यांदाच ऐकलं आणि तिला रडू फुटलं. मग तिथेच, भरदुपारी, वडिलांच्या पायथ्याशी ती आडवी झाली.