घरी कोण कोण असतं?

बेकरीची गाडी चालवणारे भाऊ रस्त्यात अपघात दिसला की थांबल्याशिवाय राहत नसत. जखमी माणसाची शुद्ध जाऊ द्यायची नाही, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याचा हात धरून ते विचारत राहायचे, "घरी कोण कोण असतं?"

आज सकाळी स्कूटरवरून पडलेली एक बाई आपल्या लेकीबद्दल सांगता सांगता मध्येच गप्प झाली, ती कायमचीच.

दुपारी घरी भाऊ भरल्या ताटावरून उठले. त्यांनी खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. बायको जरा कॉटवर आडवी झाली. तिचे डोळे मिटले मात्र, भाऊ धावले आणि तिचा खांदा गदागदा हलवू लागले.

"अगं, झोपू नकोस! बोल काहीतरी!"

"अहो, वेडबिड लागलंय का?" ती खेकसली. मग तिला त्यांच्या बाहीवरचा रक्ताचा डाग दिसला. ती उठून बसली आणि तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"बायको," भाऊ म्हणाले. "भारी तोंडाळ आहे." आणि त्यांना हुंदका फुटला.

"थांबायचं नाही," ती म्हणाली. "आणखी? बोलत राहा."