आधी चारोळीवाले

वच्छलाबाईंनी माउस दाबला आणि इतवारीनं आणलेलं हिरड्याचं पोतं स्क्रीनवर मोहफुलात जमा झालं.

संघप्रियानं वहीत खूण केली. सकाळपासूनची ही सहावी.

"पुन्हा तसंच झालं. माल निवडायचा राहिला."

"राहिला नाई वं. वर आधीचाच माल बसून राह्यते, सासुरवाडीले जावई बसल्यावानी. उठवल्याबिगर उठत नाई." वच्छलाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "किती डाव उठवू?"

प्रत्येक नोंदीला माल पुन्हा निवडावा लागू नये, म्हणून संघप्रियानंच तो तसा बसवला होता. चंद्रपूरला वनोपज संघाच्या कार्यालयात ती खरेदीचे स्क्रीन आखायची. धानोऱ्याच्या या केंद्रावर नोंदी करायला तिचे बाबा होते. बाकी केंद्रांवरून तक्रारी येत. इथून वर्षभरात एकही नाही. त्यामुळे तिला कधी इथे येऊन बघावंसंही वाटलं नाही. बैठकीत ती म्हणे, धानोऱ्याला जमतं, मग इतरांना का जमू नये? आणि फोनवर बाबा म्हणत, "झक्कास हाय पोरी. काई बदलवू नोको."

माघात बाबा गेले आणि त्यांच्या जागी वच्छलाबाई आल्या. त्यानंतर इथल्याही नोंदी बिघडल्या. हा स्क्रीन कायम ठेवायचा की नाही ते उद्या ठरणार होतं आणि तिच्या वरिष्ठ नूतन मॅडमनी तिचं मत मागितलं होतं. येताना बसमध्येच तिनं वहीत लिहून ठेवलं होतं, 'नव्या कर्मचाऱ्याला प्रशिक्षण हवं.'

"बाबांचं कधी चुकलं नाही," ती म्हणाली. शब्द जरा टोकदार निघाले.

"त्यायचं कसं चुकन? ते ओळ लावत ना."

"कसली ओळ?"

"मालाची. आधी चारोळीवाले, मंग बेहडावाले, मंग मोहवाले. हिरडावाले सगळ्याइच्या मागं. तुह्या यादीत जसे नावं हायत, तसेच. एक माल सरला का मंगच दुसरा. मंग कायची चूक होते?" वच्छलाबाई खुर्चीतच तिच्याकडे वळल्या. "लोकं भांडत. पहाटे आलेला मानूस दुपारपर्यंत बसून राहे. पत्रूभाऊ म्हणत, पोरीनं बनवलं हाय, त्याच्यात काईतरी इचार असन."

संघप्रियानं पेनाला टोपण लावलं. पुन्हा काढलं. यादी आद्याक्षरांप्रमाणे लागली होती. त्यामागे दुसरा काहीच विचार नव्हता.

"मला कधी बोलले नाहीत."

"तुले बोलतीन? येईन त्याले सांगत, हे माह्या पोरीनं बनवलं म्हणून. आन् तुह्यापाशी खोट काढतीन?"

वहीतल्या प्रशिक्षणाच्या त्या ओळीवर संघप्रियानं एक रेघ मारली. मग आणखी एक.

बाहेर पत्र्याच्या सावलीत दहाबारा जण बसले होते. त्यांच्यापासून दूर, उन्हाच्या कडेला, एक म्हातारी हिरड्याच्या गाठोड्याला टेकून बसली होती.

"त्या कोण?"

"बायनाबाई. सकाळपासून आली हाय. पत्रूभाऊ गेले म्हणून सांगतलं तिले, दोनदा. ऐकते, मान डोलावते आन् पुन्हा तिथीच जाऊन बसते."

संघप्रिया उठून बाहेर गेली. म्हातारीच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती.

"आई, आत चला. तुमचं तोलून घेऊ."

बायनाबाईनं डोळ्यांवर हात धरून तिच्याकडे पाहिलं.

"मोहवाले सरू दे ना बाई. नाई त पत्रूभाऊ रागावते."

बाजूचा माणूस काही सांगू लागला. संघप्रियानं हातानंच त्याला थांबवलं. ती उकिडवी बसली आणि गाठोड्याचं एक टोक धरलं.

"नाही रागावणार. ती ओळ त्यांची नव्हती, आई. माझी होती. चुकली होती."

म्हातारीनं तिचा चेहरा न्याहाळला. मग दुसरं टोक उचलत म्हणाली,

"मंग आधी काऊन नाई आली?"