मी सलाईनचा राखणदार

मी वॉर्डातला पांढरा डबा बोलतोय. सलाईनची बाटली संपत आली की टीं टीं करून सिस्टरना हाक मारतो, तो मीच. देह मुठीएवढा. वरून स्टँडला लटकलेला, खाली बाटली. म्हणजे जन्मापासून माझा जीव टांगणीलाच!

माझा जन्म इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाला. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून दोघांनी मला केलं. एक चष्मेवाली, बोलणार कमी आणि वहीत लिहिणार फार. दुसऱ्याला सगळे उंट म्हणायचे, कारण ट्यूबलाइट बदलायला त्याला स्टूल लागत नसे. त्यांनी माझ्या पोटात वजन ओळखणारी एक पट्टी बसवली आणि एक घंटी. खाली लटकलेलं वजन ठरलेल्या आकड्याच्या खाली आलं की ओरडायचं, एवढंच माझं काम.

पाण्याच्या बाटल्या माझ्या हुकाला दोनशे वेळा टांगल्या. दोनशे वेळा मी वेळेवर ओरडलो. हुक तर असा मोठा, रुंद, देखणा! "सिस्टर घाईत असतात, बाटली चटकन अडकली पाहिजे," असं उंटाचं म्हणणं. सरांनी दोघांची पाठ थोपटली, आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा चांगलाच फुगलो.

मग रीतसर परवानगी मिळाली आणि मला वॉर्डात आणलं. खिडकीजवळच्या खाटेवर अक्का होत्या. वय सत्तरीच्या पुढे, पोटाचं ऑपरेशन झालेलं, जीभ मात्र ठणठणीत. सोबतीला त्यांचे धाकटे भाऊ, धंद्याने शिंपी. आई लवकर गेली म्हणून अक्कांनीच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं.

हे शिंपीकाका दिवसभर स्टुलावर बसून बाटलीकडे टक लावून असत. पहिल्याच दिवशी त्यांची नजर चुकली होती. बाटली रिकामी झाली आणि नळीत अक्कांचं रक्त चढलेलं त्यांना दिसलं. "होतं असं कधी कधी, घाबरू नका," सिस्टर म्हणाल्या होत्या. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

"चार दिवस झाले हा येऊन," अक्का सिस्टरना सांगत होत्या, "पण माझ्याकडे बघेल तर शपथ! लग्न लागलंय जणू त्या बाटलीशी."

"तू बोल ना, ऐकतोय मी," काका म्हणाले. मान वरच.

"तुझ्या हनुवटीशी काय बोलू?"

चष्मेवालीने मला स्टँडला अडकवलं. "काका, बाटली संपत आली की हा ओरडेल. तुम्ही आता निवांत बसा."

काकांनी मला कापड पारखावं तसं बोटांनी चाचपून पाहिलं. थोड्या वेळाने त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली, आत टॉवेल, पाण्याची बाटली, कसली कसली औषधं. ती माझ्या त्या देखण्या हुकालाच अडकवली. मग स्टूल अक्कांकडे वळवलं आणि म्हणाले, "हं, बोल आता."

माझ्या हुकाला भरपूर ओझं लागत होतं. मला वाटलं, बाटली भरलेली आहे. ती थेंब थेंब संपत गेली तरी मी शहाण्यासारखा गप्प बसलो. अक्कांनी हाताकडे पाहिलं तेव्हा नळी लाल झाली होती.

सिस्टर धावत आल्या. सुईत रक्त गोठलं होतं. दुसऱ्या हाताला शीर मिळेना, तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा मिळाली. अक्कांच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. भाऊ बघतोय म्हणून त्या ओठ दाबून पडून राहिल्या. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यंत्राच्या भरवशावर पाठ फिरवली मी!" असं म्हणत काकांनी मला काढलं, औषधांच्या कपाटात ठेवायला दिलं आणि पुन्हा बाटलीसमोर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी उंटाने मला उघडून तपासलं. बिघाड काहीच नाही. चष्मेवाली मात्र वॉर्डात जाऊन तासभर नुसती बसून राहिली. एका स्टँडला टॉवेल होता, एकाला छत्री, एकाला डब्याची पिशवी. तिने कपाळाला हात लावला.

"मग लिहा अहवालात, वापरणाऱ्याची चूक," सर म्हणाले.

"नाही सर. हुक दिसला की माणूस पिशवी अडकवणारच. आम्ही दोनशे वेळा बाटली टांगली, पण आमच्या हातात पिशवी एकदाही नव्हती."

तिने हे सगळं काकांनाही सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या पिशवीपायी अक्काला तीनदा टोचलं?"

"काका, हुक आमचा होता."

तेव्हा अक्काच म्हणाल्या, "पुरे आता. शिंपी ना तू? त्या पोरीला काहीतरी सुचव."

काकांनी रिकाम्या बाटलीची टांगायची कडी दोन बोटांत धरून पाहिली. बराच वेळ पाहिली. "हुक ठेवताच कशाला? काज ठेवा. काज बेताचं असलं की त्यात मोठं बटण जात नाही. आणि पिशवीसाठी स्टँडलाच वेगळी खुंटी द्या, नाहीतर लोक काजाशी झटापट करत बसतील."

तिसऱ्या दिवशी मी हुक टाकून, अंगावर अरुंद खाच घेऊन परत आलो. काकांनी पिशवीचा बंद घालून पाहिला, छत्रीची मूठ घालून पाहिली. काहीच जाईना. तरी एक अख्खी बाटली ते माझ्यासमोर बसून राहिले. मी वेळेवर ओरडलो. सिस्टरनी दुसरी बाटली लावली. काका उठले, पिशवी खुंटीला अडकवली आणि अक्कांच्या समोर येऊन बसले.

अक्का त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. "अरे, किती पिकलास रे! भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या."

"तुला आत्ता दिसलं होय?"

"तू तोंड दाखवलंस कधी?"

मग दोघं किती तरी वेळ बोलत होते, मध्येच हसत होते. काय बोलले ते मला सांगता येणार नाही, कारण माझं सगळं लक्ष बाटलीवर होतं.

ती पोरं आता शिकून बाहेर पडली. माझ्यासारखे आणखी सहा जण या वॉर्डात लटकतात. माझा एक कोपरा तडकलाय, सिस्टरनी त्याला चिकटपट्टी लावलीय. आवाज मात्र खणखणीत आहे.

आज माझ्या खाटेवर एक गृहस्थ आहेत. त्यांची बायको सकाळपासून बाटलीकडे बघत बसली आहे. ताई, ते काम माझ्यावर सोडा. मघापासून त्यांनी दोनदा डोळे उघडून तुम्हाला शोधलं.