पोकळीत उगवलेली गाठ

मित्रांनो, जपानच्या किनाऱ्यावरच्या एका इस्पितळात कापडी झाकणाखाली बसून असलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. नागानोच्या डोंगरात माझी भिंगे घासली गेली. पुढे वर्षानुवर्षे डॉ. नागुरा यांनी माझ्यातून माणसांचे आजार पाहिले. ते गेले, संगणक आले, आणि आता माझ्याकडे ढुंकूनही कोणी बघत नाही. असो. मी जे पाहिले आहे ते ऐकाल, तर माझे जुनेपण तुम्हीही विसराल.

त्या काळी आमच्याकडे एक रीत होती. कॅन्सर निघाला की डॉक्टर ते घरच्यांना सांगत आणि घरचे रोग्यापासून लपवत. रोग्याला काहीतरी साधे नाव सांगायचे. सगळे हे मायेपोटीच करत.

फुमिए इसोबे ही मासळी सुकवून विकणारी बाई. तिचे डोके ठणकू लागले, तोल जाऊ लागला. मेंदूच्या आत पाणी खेळते राहावे म्हणून काही पोकळ्या असतात, त्यातल्या एकीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. गाठीचा पातळ काप काचेवर चढून माझ्याखाली आला.

नागुरांनी डोळा लावला आणि त्यांचा श्वासच अडकला. माझाही अडकला असता, पण मला श्वास कुठे! मज्जातंतूंच्या आवरणापासून होणारी गाठ होती ती. आणि त्या पोकळीत असे मज्जातंतू नसतातच म्हणा ना! मग आवरण कुठले, गाठ कुठली? आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना बिलगलेल्या एखाद्या बारीकशा तंतूपासून झाली असावी, असा नागुरांचा तर्क होता. नक्की कोणालाच ठाऊक नव्हते. रंग देऊन पुन्हा तपासले, तरी तेच. गाठ निरुपद्रवी होती आणि पूर्ण निघाली होती.

मुलगा तेत्सुया ही चांगली बातमी घेऊन धावत आईकडे गेला. तिने हसून मान डोलावली आणि जेवण सोडले. उठून चालायलाही तयार होईना. सून बिचारी विनवून थकली, तर तिला फुमिएने कोणत्या गिऱ्हाइकाला कोणती मासळी द्यायची तेवढे समजावले. माणूस बरे व्हायचे सोडून निरवानिरव करू लागले. शेवटी नागुरांनी तेत्सुयाकरवी तिला चाकांच्या खुर्चीतून माझ्यासमोर आणवले.

"डॉक्टर सेन्सेई, लेकाने तुम्हाला काय पढवलंय ते कळतं मला," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला यकृताचा कॅन्सर होता. पोटात साधा अल्सर आहे, असं मीच त्याला सांगत होते. शेवटपर्यंत."

नागुरांनी आधी दुसऱ्या कोणाचा तरी कॅन्सर दाखवला. पेशी लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. मग तिची काच ठेवली.

"ही माझीच कशावरून? कुणाची तरी चांगली काच आणून ठेवली असेल."

"कुठून आणू, आजी? मेंदूच्या पोकळीतली अशी गाठ मी उभ्या जन्मात एकदाच बघतोय. ही उसनी द्यायला कुणाकडेच नाही."

ती पुन्हा वाकली. माझ्या भिंगांवर तिच्या श्वासाची वाफ धरली, तरी ती हलेना. पेशींची केंद्रके ओळीने उभी होती, दोन ओळी समोरासमोर आणि मधे मोकळी वाट. जिथे काही उगवू नये तिथे उगवलेले, आणि तरी केवढे नीटनेटके!

"जाळीवर मासळी मांडावी तसं आहे हो," ती हळूच म्हणाली. "कुणी मांडलं हे?"

याचे उत्तर मला आजवर सापडलेले नाही.

मग ती रडली. जगणार म्हणून रडत असेल असे तेत्सुयाला वाटले. पण ती म्हणाली, "नवऱ्यालाही खरं सांगायला हवं होतं. निरोप तरी घेतला असता आम्ही."

मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी आजारी पडले, तर त्याचा हात धरून त्याला खरे सांगा. नाहीतर एखाद्या दिवशी खरोखरची चांगली बातमी घेऊन याल, आणि तुमचेच माणूस हसून मान डोलावेल.