पहिलीच्या वर्गाचा श्वास

पलीकडे बाक सरकल्याचे आवाज आले, तसा सुताराने रंधा उचलून बाजूला ठेवला. आता प्रार्थना होणार.

त्याची कामाची खोली आणि पहिलीचा वर्ग यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती. त्यानेच ती कधीकाळी उभी केली होती. भिंतीच्या अलीकडे तो शाळेचे मोडके बाक जोडायचा आणि पलीकडे त्याची बायको पहिलीला शिकवायची. ठोकाठोक फार झाली की ती फळीवर डस्टर आपटायची. संध्याकाळी घरी गेल्यावर म्हणायची, "अहो, तुमच्या करवतीपुढे माझं मुलांना ऐकू जात नाही, तिथे देवाला काय जाणार?"

आता डस्टर वाजत नसे. तो आपणहून थांबायचा.

पलीकडे मुलं एका सुरात म्हणू लागली.

"हे प्रभू, आजचा दिवस तू दिलास. आमचे हात स्वच्छ ठेव. आमची जीभ खरी ठेव. जे घरी आहेत त्यांना सांभाळ."

आणि मुलं थांबली. सगळी एकदम. वर्गात कोणीच नसावं अशी शांतता झाली. मग एक श्वास आत ओढला गेला. लांब, खरखरीत, शेवटी जरासा अडकलेला.

"जे वाटेत आहेत त्यांना पोचव. आमेन."

सुताराच्या अंगावर काटा आला. तो रोजच यायचा. तो श्वास मुलांचा नव्हता. त्याच्या बायकोचा होता, आणि तिला मातीआड करून दुसरा महिना सरत आला होता.

ही मुलं शाळेत आली तेव्हाच तिची छाती बिघडलेली होती. एका दमात त्या ओळीपर्यंत पोचता यायचं, पुढे नाही. तिथे ती थांबायची, हवा आत घ्यायची आणि उरलेलं म्हणायची. पहिलीतली पोरं ती. पेन्सिल कशी धरायची, ओळीत मांडलेली बटणं कशी मोजायची, भांडण झालं की आधी कोणी हात पुढे करायचा, शंभरातलं एकच मेंढरू हरवलं तरी मेंढपाळ का परत जातो, हे सगळं पोरं तिच्याकडूनच शिकली. यातला धडा कुठला आणि बाईंचं दुखणं कुठलं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही उचललं. वरच्या वर्गातली मुलंही तिच्याच हाताखालून गेलेली, पण ती तिच्या बऱ्या दिवसांतली. ती मुलं न थांबता सरळ म्हणायची. श्वास होता तो फक्त या वर्गात.

अंत्यविधीनंतर कामावर आला त्या सकाळी त्याने तो पहिल्यांदा ऐकला. कानावरची पेन्सिल काढायला उचललेला हात तसाच राहिला. धावत जाऊन त्याने वर्गाच्या दाराला हात लावला, पण उघडायचा धीर झाला नाही. नंतर मात्र त्याला त्याची चटक लागली. काम नसलं तरी तो घंटेच्या आधी येऊन फळ्यांजवळ बसायचा. भीती वाटायची आणि बरंही वाटायचं. घरी त्यातलं काहीच नव्हतं. जेवणाआधी ही पहिलीचीच प्रार्थना ती म्हणायची आणि त्याच्या वाट्याला शेवटचं आमेन यायचं. "देव तुम्हाला ओळखतो तरी का?" ती विचारायची. "त्याला वाटत असेल, हिच्या घरी आमेन म्हणणारं एक लाकूड आहे." आता तो तसाच जेवायला बसायचा. पाव कापता कापता कधी आतल्या खोलीतून तो श्वास ऐकू आल्यासारखा वाटे. मग तो सुरी हातात धरून बराच वेळ बसून राही.

त्या सकाळी प्रार्थनेनंतर नव्या बाई डुगडुगणारी एक छोटी खुर्ची घेऊन त्याच्याकडे आल्या. पोरगेल्या वयाच्या होत्या, कामाला चोख. खुर्ची खाली ठेवून त्या घुटमळल्या.

"काका, एक विचारू का? ही मुलं प्रार्थनेत मधेच थांबतात. मोठ्या बाईंनी, म्हणजे काकूंनी, मुद्दाम तसं शिकवलं होतं का?"

सुताराने खुर्ची उलटी करून पाय हलवून पाहिला. पुढच्या आठवड्यात पालकांसमोर पहिलीने प्रार्थना म्हणायची आहे, त्या सांगत होत्या. ऐकणाऱ्याला वाटेल मुलं विसरली. शाळा चालवणाऱ्या मोठ्या सिस्टरनीही तेच म्हटलं होतं, की एवढं नीट करून घ्या.

"मला काय माहीत," सुतार म्हणाला. "मी आपला भिंतीच्या अलीकडचा माणूस."

बाई गेल्या. दुसऱ्या दिवसापासून पलीकडे टाळी वाजू लागली. मुलं त्या ओळीपर्यंत यायची, थांबायची, टाळी वाजायची. पुन्हा पहिल्यापासून. सुतार अलीकडे दात आवळून उभा असायचा. प्रत्येक टाळीला त्याला वाटे, तिचा श्वास कोणीतरी मधेच तोडतंय. मुलं थांबली की त्याच्या जिवात जीव यायचा. शाब्बास रे, तो मनात म्हणायचा. सोडू नका.

तिसऱ्या दिवशी टाळ्या थांबल्या. नव्या बाईंनी थकल्या आवाजात विचारलं, अरे, पण तुम्ही थांबता कशाला? एका मुलीचा बारीक आवाज आला. पहिल्या बाकावर बसणारी ती. सगळी शाळा तिला चिमणी म्हणायची.

"बाई, तिथे थांबायचंच असतं. तेवढ्यात देव सगळ्यांच्या घरी जाऊन बघून येतो."

"कोणी सांगितलं?"

"मोठ्या बाईंनी. मी त्यांना विचारलं होतं ना."

सुतार बाकावर खाली बसला. हे त्याला ठाऊक नव्हतं. दम का लागतो असं घरी विचारलं की ती म्हणायची, जिना चढून आले, दुसरं काही नाही. पोरांना तिने याहून बरं उत्तर दिलं होतं. त्या दिवशी दिवसभर त्याच्या हातून काही झालं नाही. घरी जाताना त्याने ठरवलं. बाईंना सांगायचं, की राहू द्या. पालकांना काय वाटायचं ते वाटू दे. वर्ष संपलं की ही मुलं दुसरीत जातील, तिथे कोणी ना कोणी मोडेलच ती सवय. तेवढे दिवस तरी मागून घ्यायचे. आयुष्यात त्याने शाळेकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

सकाळी खुर्ची दुरुस्त करून, तिच्या पायांना काचकागद घासून तो पहिलीच्या दाराशी गेला. प्रार्थना सुरू झाली होती. भिंतीआडून एवढे दिवस ऐकलेलं तो आज प्रथमच डोळ्यांनी पाहणार होता. दार उघडंच होतं.

"जे घरी आहेत त्यांना सांभाळ."

मुलं थांबली. आणि प्रत्येकाचा उजवा हात बाकाच्या कडेवर गेला. बोटं कडेवर घट्ट आवळली गेली. खांदे वर, कानांपर्यंत उचलले. माना किंचित पुढे आल्या, तोंडं उघडली, गळ्यापाशी खळगे पडले. बुटक्या बाकांशी उभी ती धडधाकट पोरं, आणि प्रत्येकाच्या अंगात शेवटच्या दिवसांतली त्याची बायको उभी होती. पलंगाची कड ती अशीच धरायची. चिमणीच्या ओठांचा चंबूसुद्धा तसाच झाला होता. मग सगळ्या वर्गाने मिळून तो श्वास ओढला, आणि सुताराच्या हातातली खुर्ची दाराच्या चौकटीवर आपटली.

मुलांनी वळून पाहिलं. नव्या बाई पुढे आल्या. "काका, आत या ना. काय झालं?"

जे सांगायला आला होता ते त्याच्या तोंडाशी होतं. त्याने पोरांकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"बाई, मोडा ही सवय," तो म्हणाला. "मी त्या दिवशी खोटं बोललो. तिला दम लागायचा. तो प्रार्थनेतला थांबा नव्हता, तिचं दुखणं होतं ते. पोरांच्या छातीत नको ते."

 बाईंनी त्याच्या हातातून खुर्ची घेतली. चिमणी मात्र जागची हलली नाही.

"सुतारकाका, मग देव घरी कधी जाणार?"

तिच्याशी बोलायला सुतार गुडघ्यावर बसला. मुलांशी बोलायची त्याला सवय नव्हती. ते काम भिंतीपलीकडचं होतं.

"मोठ्या बाई सांगायच्या तेव्हा तो चालत जायचा," तो म्हणाला. "आता त्याच्या पायाखालची वाट झाली. तुमचं म्हणून होईपर्यंत तो जाऊन आलेला असतो. थांबायला नको."

"आमच्या आजीकडेपण?"

"तिच्याकडे आधी."

चिमणीने थोडा विचार केला आणि मान डोलावली. मग ती बाईंकडे वळून म्हणाली, की चला, परत म्हणू या. सुतार आपल्या खोलीत आला. फळ्यांजवळ न बसता तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. पलीकडे प्रार्थना सुरू झाली. एक-दोन मुलं त्या ओळीनंतर अडखळली, बाकीच्यांनी त्यांना ओढून नेलं. दुसऱ्यांदा कोणीच अडखळलं नाही. आमेन सुरेख झालं. त्याने रंधा उचलला आणि परत ठेवला. बराच वेळ तो नुसताच भुसा गोळा करत राहिला.

त्या संध्याकाळी त्याने पाव कापला, बटाटे उकडले, ताटली टेबलावर ठेवली. समोरची खुर्ची आत सरकवलेली होती. आतल्या खोलीकडे त्याने कान दिला. काही नव्हतं. मग त्याने सुरी खाली ठेवली, हात जोडले आणि आमेनच्या आधीचं सगळं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने म्हणायला सुरुवात केली. आवाज घोगरा निघाला. दिवस झाला, हात झाले, जीभ झाली.

"जे घरी आहेत त्यांना सांभाळ," तो म्हणाला.

आणि उजव्या हाताने टेबलाची कड धरून थांबला.